सभेत बोलायला भ्यायचं कशाला?

पारावर बसून गप्पा मारायला कुणाला भीती वाटत नाही. चहाच्या गाडीवर आपण तासभर बोलतो. मागाच्या खडखडाटात एकमेकांना मोठ्याने हाका मारतो. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तेव्हा तोंडाला कुलूप लागत नाही.

पण तोच माणूस ग्रामसभेला जातो. सरपंच विचारतात, "कुणाला काही बोलायचं आहे का?" बोलायचं तर असतं. घरून निघताना सगळं ठरवलेलं असतं. पण उठायचं म्हटलं की छाती धडधडते. घसा कोरडा पडतो. पाय लटलट कापतात. माणूस तसाच बसून राहतो आणि सभा संपते. मग घरी जाताना त्याला सगळं आठवतं. "मी असं म्हणणार होतो, तसं विचारणार होतो," असं तो शेजाऱ्याला सांगतो.

वाटेवर सांगून काय उपयोग? वाटेवरचं बोलणं सभेच्या वहीत लिहिलं जात नाही.

न बोलल्याने काय होते?

इचलकरंजीच्या आसपास चंदूर, रुई, तारदाळ, माणगाव अशी गावे आहेत. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालापासून आहे. त्या कायद्याने गावाला ग्रामसभा दिली आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. मग तो शेतमालक असो की शेतमजूर, शिकलेला असो की अडाणी. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा घ्यावी लागते. सभेत काय बोलणे झाले आणि काय ठरले, ते वहीत लिहितात. त्याला इतिवृत्त म्हणतात.

इचलकरंजी शहरात ग्रामसभा नसते. तिथे १८९३ साली नगरपालिका झाली आणि २०२२ साली महानगरपालिका. पण शहरातल्या माणसालाही सभा चुकत नाही. मागावर काम करणाऱ्यांची युनियनची सभा असते. पतपेढीची, दूध संस्थेची, साखर कारखान्याची सभासदांची सभा दरवर्षी भरते. पोराच्या शाळेत पालकांची सभा असते. तिथेही हाच प्रश्न येतो. उठायचं कसं आणि बोलायचं कसं?

एक गोष्ट आठवा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. माणसे दगावली. अशी कावीळ घाण पाण्यातून पसरते. नळाची नळी फुटलेली असते. तिच्याशेजारून गटार वाहते. नळाला पाणी नसते तेव्हा गटाराचे पाणी त्या फटीतून नळीत शिरते. पुढे पाणी सुटले की तीच घाण घरोघरच्या हंड्यात येते. ही फुटकी नळी सगळ्यांत आधी कुणाला दिसते? त्या गल्लीत राहणाऱ्या बाईला दिसते. ती गप्प बसली तर वरच्या माणसाला कळायला उशीर होतो. आणि अशा कामात उशीर म्हणजे घरात आजार.

म्हणून सभेत बोलणे ही काही मिरवायची गोष्ट नाही. आपले पाणी, आपला रस्ता, आपली मजुरी, आपले रेशन यांची ती गोष्ट आहे.

मोठी माणसेही भ्याली होती

तुम्हाला वाटत असेल, भीती फक्त आपल्यासारख्यालाच वाटते. शिकलेल्या माणसाला वाटत नसेल. तसे नाही.

महात्मा गांधी विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले. तिथे असताना त्यांनी एकदा एका सभेसाठी भाषण कागदावर लिहून नेले. उभे राहिले, पण लिहिलेले वाचताही येईना. शेवटी ते दुसऱ्याने वाचून दाखवले. १८९१ साली ते परत आले आणि मुंबईत वकिली करू लागले. एका बाईचा खटला त्यांच्याकडे आला. ते कोर्टात उभे राहिले. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे होते. पण त्यांचे डोके गरगरले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि घेतलेली फी त्यांनी परत केली. ही हकीगत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे प्रिटोरिया गावी हिंदी लोकांची सभा भरली. हिंदी लोकांना तिथे फार अपमान सोसावा लागत होता. त्या सभेत गांधीजी बोलले आणि नीट बोलले. व्यापारात खरेपणाने कसे वागावे, हा त्यांचा विषय होता. विषयाची तयारी त्यांनी आधी केली होती. आणि जे सांगायचे ते त्यांना मनापासून सांगायचे होते.

ज्या मुंबईत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्याच मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ते बोलले. इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे, हा ठराव त्या दिवशी झाला. सारा देश त्यांचे बोलणे ऐकत होता.

यातून काय घ्यायचे? भीती वाटते म्हणून माणूस नालायक ठरत नाही. आणि भीती पुरती जाईपर्यंत थांबायचीही गरज नाही. सांगायची गोष्ट आपल्याला महत्त्वाची वाटत असेल, आणि तिची तयारी केलेली असेल, तर भीती असली तरी बोलता येते.

छाती का धडधडते?

समजा, तुम्ही रात्री बांधावरून चालला आहात. पायाजवळ साप दिसला. तुम्ही विचार करत बसत नाही. अंग आपोआप सावध होते. काळीज जोरात धडधडते. हातापायांना जास्त रक्त मिळते, म्हणजे पळता येते. तोंडातली लाळ कमी होते. तळहाताला घाम सुटतो. जीव वाचवायला शरीराने केलेली ही तयारी असते.

सभेत शंभर डोळे आपल्याकडे वळले की शरीराला तसेच वाटते. तिथे साप नसतो, पण शरीर तेच करते. म्हणून घसा कोरडा पडतो आणि पाय कापतात. हा काही रोग नाही. बोलायला लागल्यावर थोड्या वेळाने ही धडधड बहुधा कमी होते.

दोन सोपे उपाय आहेत. उठण्याआधी घोटभर पाणी प्या. मग चार-पाच वेळा श्वास घ्या आणि सावकाश सोडा. घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. त्याने धडधड उतरते. हात कापत असतील तर पुढच्या खुर्चीची पाठ धरा. आणि हे ध्यानात ठेवा : आपली धडधड आपल्याला ढोलासारखी ऐकू येते, पण शेजारच्याला ती ऐकू येत नाही.

तयारी कशी करायची?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज घरोघरच्या माणसाला मागाचे काम ठाऊक आहे. नुसते सूत आणून कुणी माग चालू करत नाही. आधी सुताला खळ लागते. मग बीम भरतो. मग एकेक धागा ओवून घ्यावा लागतो. एवढे झाल्यावर माग चालू होतो. आधीचे काम कच्चे राहिले तर धागे पटापट तुटतात.

बोलण्याचेही तसेच आहे. सभेत आपण दोन मिनिटे बोलतो. पण त्याआधी घरी तयारी करावी लागते. ती फार अवघड नाही. तीन प्रश्नांची उत्तरे तयार करायची :

१. काय झाले आहे?
२. त्याने कुणाचे काय नुकसान झाले?
३. आता काय करावे, असे आपले म्हणणे आहे?

समजा, एका गावात साक्षरता वर्ग भरतो. वर्गातल्या एका बाईंना ग्रामसभेत पाण्याबद्दल बोलायचे आहे. त्या गुरुजींकडे आल्या.

"गुरुजी, मला न्हाई जमायचं. मला भाषण येत न्हाई."

"भाषण राहू द्या, आक्का. मला सांगा, तुमच्या गल्लीत नळाला पाणी कसं येतं?"

"कसलं येतंय! पैल्यांदा निस्ती गढूळ धार येतीया. वास मारतोय."

"कधीपासून?"

"झालं की तीन आठवडं."

"किती घरांत?"

"आमच्या वळीला बारा घरं हाईत. समद्यांकडं तसंच."

"कुणाला काही त्रास झाला?"

"चार पोरांस्नी जुलाब झालं. एकाला दवाखान्यात न्यावं लागलं."

"मग काय करावं म्हणता?"

"करायचं काय गुरुजी, गटारीजवळची नळी फुटलीया. ती बदला म्हणावं. आन् तवर दुसरीकडनं चांगलं पानी द्या."

"झालं की आक्का! हेच सभेत सांगायचं."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

पाहा, बाईंना सगळे येत होते. कुणी विचारले तसे त्यांनी सांगितले. त्यात आकडे होते. तीन आठवडे, बारा घरे, चार मुले. आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला प्रश्न किती मोठा आहे ते कळते. नुसते "लई हाल हाईत" म्हटले तर कळत नाही. मात्र आकडा खरा पाहिजे. बाराची वीस घरे करून सांगू नयेत. कुणी उठून मोजली तर आपले सगळेच म्हणणे खोटे ठरते.

आणखी एक गोष्ट. बाईंनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. "तुम्ही पैसे खाल्ले" असे म्हटले असते तर सभेत भांडण लागले असते, आणि नळी बाजूला राहिली असती. हिशेब मागायचा असेल तर जरूर मागावा. पण तो हिशेब म्हणून मागावा. "नळाच्या दुरुस्तीवर यंदा किती खर्च झाला, ते वाचून दाखवा," असे म्हणावे. पुराव्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये.

आधी भिंतीला सांगा

आता तुम्हाला लिहिता येते. एक छोटी चिठ्ठी घ्या. तिच्यावर चारच शब्द लिहा : "गढूळ पाणी. आजार. नळी." सगळे भाषण लिहू नका. सगळे लिहिले की मान खाली जाते आणि ओळ चुकली की गोंधळ उडतो.

मग सराव करा. पहिल्या दिवशी भाकरी थापताना किंवा गुरांना वैरण टाकताना मोठ्याने बोला. मनातल्या मनात बोलून सराव होत नाही. आपला आवाज आपल्या कानाला ऐकू आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी घरातल्या एकाला सांगा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चार-पाच जणांना सांगा. बचत गटाची बैठक असेल तर तिथे उभे राहून सांगा. पोहायला शिकणारा आधी काठाजवळच्या पाण्यात उतरतो. पाय टेकत असताना हात मारायला शिकतो. मग पुढे जातो. तसेच हे आहे.

सभेत उभे राहिल्यावर

सभेला वेळेवर जा आणि पुढे बसा. मागे बसले की उठायला जड जाते. आपल्या बाजूची दोन-तीन माणसे जवळ बसवा. बोलताना त्यांच्यातल्या एकाच्या तोंडाकडे पाहा.

उभे राहिल्यावर लगेच बोलू नका. एक श्वास घ्या. "सरपंच आणि मंडळी, नमस्कार," एवढे म्हणा. आपले नाव आणि गल्ली सांगा. मग मुद्द्यावर या. "मी अडाणी, मला काही कळत नाही, चुकलं तर माफ करा," असे सुरुवातीला म्हणण्याची गरज नाही. तुमच्या गल्लीतले तुम्हालाच जास्त कळते.

हातात माईक दिला तर तो तोंडापासून वीतभर लांब धरा आणि सावकाश बोला.

मध्येच विसरलात तर घाबरू नका. चालत्या मागावर धागा तुटतो. तेव्हा माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. तुटलेल्या धाग्यासाठी कुणी रडत बसत नाही. तसेच थांबा, चिठ्ठी पाहा आणि पुढे बोला. थांबलेला क्षण आपल्याला फार लांब वाटतो. लोकांना तो तेवढा जाणवतही नाही.

कुणी हसले किंवा मध्ये बोलले तर त्याच्याशी भांडू नका. सरपंचांकडे पाहून म्हणा, "माझं दोन मिनिटांचं बोलणं पुरं होऊ द्या." पुष्कळदा तेवढ्याने पुरते.

शेवटी एक वाक्य न विसरता म्हणा : "माझा हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या." पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचतात, तेव्हा त्या प्रश्नाचे काय झाले ते विचारता येते. एकदा बोलल्याने उद्याच नळी बदलेल असे नाही. पुन्हा विचारावे लागते. पण वहीत लिहिलेला प्रश्न पुसून टाकणे सोपे नसते.

आपल्या बोलीत बोला

पुष्कळांना वाटते, सभेत पुस्तकी भाषा बोलावी लागते. गाडगे महाराज शाळा शिकले नव्हते. ते आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलत. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. हजारो माणसे ऐकायला जमत. १९५६ साली ते वारले. अजून त्यांचे नाव घराघरांत आहे. लोकांना त्यांचे कळत होते, कारण ते लोकांच्याच भाषेत बोलत होते.

तेव्हा "हाय", "न्हाई", "पानी" म्हणायला लाजू नका. उसने शब्द आणले की ते ऐन वेळी आठवत नाहीत.

बायांनीही बोलावे

सासरे, दीर सभेत बसलेले असतात. त्यांच्यासमोर कसे बोलावे, असे सुनेला वाटते. म्हणून ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी महिला सभा घ्यायची, असा नियम आहे. तिथे आधी बोला. चार बायांचे एक मत झाले की पुढे ग्रामसभेत एकटे वाटत नाही. आपल्या राज्यात २०११ सालापासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. सभेत बोलायची सवय झालेली बाई उद्या सरपंचाच्या खुर्चीत बसली, तर तिच्या वतीने दुसऱ्याने बोलायची वेळ येणार नाही.

ऐकणाऱ्याचेही काम आहे

हातकणंगले तालुक्यातले माणगाव इचलकरंजीच्या जवळ आहे. मार्च १९२० मध्ये तिथे एक मोठी परिषद भरली. ज्या लोकांना गावच्या चावडीवर बरोबरीने बसू देत नव्हते, त्यांची ती परिषद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले. त्याच वर्षी जानेवारीत आंबेडकरांनी एक पत्र काढले होते. त्याचे नाव 'मूकनायक'. म्हणजे मुक्यांचा पुढारी. ती माणसे जन्माची मुकी नव्हती. त्यांना कुणी बोलू देत नव्हते आणि त्यांचे कुणी ऐकत नव्हते. परिषदेत महाराज स्वतः ऐकायला बसले, ही गोष्टही मोठी होती.

म्हणून कुणी पहिल्यांदा उठून बोलू लागला तर हसू नका. तो अडखळला तर "घाई न्हाई, बोला आण्णा," असे म्हणा. आज आपण त्याला हसलो तर तो पुन्हा उठणार नाही. आणि कदाचित आपल्याच नळाची गोष्ट त्याच्या पोटात राहून जाईल.

ध्यानात ठेवा

एका वेळी एकच प्रश्न मांडा.
काय झाले, काय नुकसान झाले, काय करावे, या क्रमाने सांगा.
आकडे खरे सांगा.
मोठ्याने सराव करा.
प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

सराव

१. तुमच्या गल्लीतला एक प्रश्न तीन वाक्यांत लिहा.
२. तो वर्गात उभे राहून सांगा. बाकीच्यांनी मध्ये बोलू नये.
३. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.